दोन ठिपक्यांचा ब्रेक

लोणावळा,
रविवार, १६ नोव्हेंबर

प्रिय प्रतीक्षा,

सप्रेम जयभीम.

काल आपली येझदी मोटरसायकल चालू झाली. सात वर्षं ती मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली उभी होती, हे तुला माहीत आहे. टाकीत गंज होता. कार्बोरेटर तीनदा उघडला. एकेचाळिसाव्या किकला ती बोलली. किका तुझी आई मोजत होती. धूर इतका झाला की शेजारची सारिका गॅलरीतून म्हणाली, "काका, डास मारताय का?" मी हसलो. आईही हसली. पंधरा दिवसांनी हसली. त्याचं कारण पुढे लिहितो. पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच फोन करू नकोस.

दिवाळीच्या आधी टाकव्याचे नथूभाऊ आले होते. तुला आठवत असतील. तांबडी येझदी, सीटला घोंगडीचं कव्हर. गाडी अजून तशीच आहे. मागच्या ब्रेकचे नवे शू घेऊन आले होते. म्हणाले, "आबा, पुड्यावर फोटो आमच्याच गाडीचा हाय. आतला माल कुटल्या गाडीचा, त्यो बनवणारालाच ठावं." मी लावून पाहिले. चाकाच्या ड्रममध्ये जातच नव्हते. टोक जाड, गोलाई चुकलेली, एक भोक दीड सुताने सरकलेलं. जुन्या गाड्यांच्या नव्या पार्टांचं सगळं असंच आहे. दिसायला जुळे, बसायला परके. कामशेतच्या मेकॅनिकने त्यांना सांगितलं होतं, हातोडी हाणा, बसेल. नथूभाऊ म्हणाले, "हातोडीनंच बसवायचं तर मी घरी न्हाई का बसवनार? तुमच्या लेकीनं बसवलेला क्लच अजून लोण्यावानी हाय. तिला बोलवा." मी म्हटलं, ती आता हे काम करत नाही. त्यांनी विचारलं, "का वं?" मी आत जाऊन चहा ठेवला. मला चहा नीट करता येत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं.

तू हे काम का सोडलंस ते घरात तिघांनाच माहीत आहे, असं मी आजवर म्हणत आलो. तुला वाटतं, तू कानस जास्त चालवलीस. त्यामुळे दुधिवरे खिंडीत मागचा ब्रेक गेला. त्यामुळे आई पडली आणि तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. बावीस वर्षांची होतीस. घरापुढच्या ओट्यावर तुझा बाक होता. रविवारी मुंबई-पुण्याहून जुन्या गाड्यांवर फिरायला येणारे लोक तुझ्यासाठी थांबायचे. न बसणारे पार्ट तू बसवायचीस. त्या अपघातानंतर महिन्याभरात तू चिंचवडच्या विम्याच्या ऑफिसात लागलीस. मग नाशिक. कानशी तेल लावून, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवल्यास. त्या अजून तिथेच आहेत.

आपल्या गाडीचे शू तू दोन दिवस घासत होतीस ते मला स्पष्ट आठवतं. तेही बाजारातले, तेही न बसणारे. ड्रमला आतून खडू लावायचा, शू बसवायचे, चाक फिरवायचं, उघडून पाहायचं. जिथे शू टेकून पांढरं उमटलं तिथेच कानस, तेही दोन-तीन हात. परत खडू. आई म्हणाली, "शाळा भरवली आहेस का?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू पंच घेतलास आणि शूच्या कडेला दोन ठिपके मारलेस. ही खूण मीच तुला शिकवली होती. आपण हात लावलेल्या पार्टवर आपली खूण करायची. बिघडून परत आला तर कोणाचा हात होता ते कळलं पाहिजे. माझा एक ठिपका, तुझे दोन.

इस्पितळात तू पलंगाशी उभी राहून म्हणालीस, "बाबा, मी जास्त घासलं." मी म्हटलं, "असू दे." एवढंच म्हटलं. नातेवाईक आले, ते म्हणाले, विठ्ठलरावांचं मन मोठं, पोरीला एक शब्द बोलले नाहीत. परवापरवापर्यंत लोक हे म्हणत होते. तू चाक उघडून बघते म्हणालीस तेव्हा मी म्हटलं, नको, मी पाहिलं आहे, शूवरचा लायनर सुटला. तू पुन्हा विचारलं नाहीस.

आता डब्याची गोष्ट. पंधरा दिवसांपूर्वी तुला नाचणीचे लाडू पाठवायचे म्हणून आई डबा शोधत होती. माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा होता. तिने तो डाव्या हाताने ओढला, तो खाली पडला आणि उघडला. वर्तमानपत्रात बांधलेले दोन ब्रेक शू बाहेर आले. तिने एक उचलला, चष्मा लावला, कडेचे दोन ठिपके पाहिले. तुझ्या आईला मोटरसायकलमधलं काही कळत नाही, पण ती दोन दिवस तुझ्यासमोर तांदूळ निवडत बसली होती. तिने मला हाक मारली आणि विचारलं, "हे तर गाडीत होते ना?"

मी तिला सांगितलं. आता तुला सांगतो.

ते गाडीत नव्हते. खिंड उतरत होतो तेव्हा तुझे शू त्या डब्यात होते. त्या सकाळी तू परीक्षेसाठी तळेगावला गेलीस. आम्हाला पवनानगरला मावशीकडे जायचं होतं. निघण्याआधी मी मागचं चाक उघडलं. लायनरवर कानशीच्या ताज्या रेघा दिसल्या आणि मी घाबरलो. चौतीस वर्षं मी रेल्वेत डब्यांचे ब्रेक पाहिले. आमचे फोरमन सांगायचे, ब्रेकला कानस लावायची नाही, बसत नसेल तर परत करायचं. ते माझ्या अंगात भिनलं होतं. जुने शू मी टाकले नव्हते. कंपनीचे होते, गाडीबरोबर आलेले. झिजले होते. पण मला ते झिजलेले कंपनीचे तुझ्या हातच्या नव्यांपेक्षा भरवशाचे वाटले. तुझे काढून ते बसवले आणि झीज भरून काढायला टोकाखाली पत्र्याची पट्टी दुमडून घातली. पूर्वी आम्ही सगळेच घालायचो. कानस नको म्हणणाऱ्या माणसाने पत्रा घातला. खिंडीत तिसऱ्या वळणावर ती पट्टी सरकली आणि ब्रेकवरचा पाय मोकळा खाली गेला. गाडी मी चरात घातली. पुढचं तुला माहीत आहे.

घरी गाडी आणल्यावर चाक उघडलं तेव्हा पट्टी ड्रमच्या तळाशी पडली होती. ती मी खिशात टाकली. तुला सांगायचं ठरवलं होतं. पण इस्पितळात तू आधी बोललीस, आणि "असू दे" म्हणणं सोपं होतं. नंतर दर वर्षी ते थोडं थोडं अवघड झालं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग उजवा हात जाईल तिथवर वर केला आणि म्हणाली, "हा माझा गेला. पोरीचे दोन्ही कशाला नेलेत?" त्यानंतर पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, ताट ठेवताना आवाज करायची. मी ताडपत्री काढली आणि गाडीला लागलो. दुसरं काय करणार? तुझे शू बसवण्याआधी ड्रमला खडू लावला, तू लावायचीस तसाच. फिरवून उघडलं. दोन्ही शूंवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं उमटलं होतं, कुठे जागा सुटलेली नव्हती. असं मला चौतीस वर्षांत एकदाही जमलेलं नाही. आईला दाखवलं. तिने फक्त पाहिलं.

काल गाडी चालू झाल्यावर ती साडीचा पदर खोचून मागे येऊन बसली. मी म्हटलं, आधी मी एकटा जाऊन येतो. ती म्हणाली, "तेव्हा तुमच्या भरवशावर बसले होते. आज पोरीच्या बसते. चला." आम्ही औंढोली, देवले करत खिंडीवर गेलो. उतारावर मी तीन वेळा ब्रेक दाबला आणि तीनही वेळा गाडी रस्त्याला धरून थांबली, ना आवाज, ना ओढ. तिसऱ्यांदा थांबलो ते त्याच वळणावर. आई उतरली, मागच्या ड्रमला बोट लावून पाहिलं. कोमट होता. म्हणाली, "एवढ्यासाठी सात वर्षं?" मग रस्त्याकडेला बसून आम्ही बरोबर नेलेले पेरू खाल्ले. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, आणि मला तसं वाटण्याचा हक्क आहे की नाही, हे मी तुला विचारू शकत नाही.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच म्हणाली असतीस, "जाऊ दे बाबा." तू तशीच आहेस. मला ते इतक्या स्वस्तात नको आहे. म्हणून लिहिलं. गेल्या रविवारी तू आईला सांगितलंस की ऑफिसच्या आवारात कोणाच्या तरी जुन्या गाडीचा ब्रेक लागत नव्हता, आणि तू हात ओढणीत गुंडाळून नुसती पाहत उभी राहिलीस. हे तिने मला स्वयंपाकघरातून ऐकू येईल असं, दुसऱ्या कोणाला तरी सांगितल्यासारखं सांगितलं. ते हात बाहेर काढ. त्यांनी काहीही बिघडवलेलं नाही. नथूभाऊंचे शू माझ्याकडेच आहेत. मी ते बसवलेले नाहीत आणि त्यांना नाहीही म्हटलेलं नाही. लाडू वेगळ्या पार्सलने येतील. या पाकिटात पत्र्याची एक दुमडलेली पट्टी आहे. त्या सकाळी ती घालताना मी खूण केली नव्हती. काल खिंडीतून आल्यावर पंच घेतला आणि तिच्यावर एक ठिपका मारला.

तुझाच,
बाबा