घड्याळजीच्या दुकानातून बाहेर कसं पडायचं

४ जून
काय घडलं:
१. लहानपणी आवडलेला, क्लिक करत खेळायचा जुना साहसखेळ काल पुन्हा खेळले.
२. तिसऱ्या तासाला कळलं, पहिल्या खोलीतला चिमटा उचलायचा राहिला. मागे जाता येत नाही.
३. चिमटा तपकिरी, टेबलही तपकिरी.
४. इंटरनेटवर उत्तर मिळालं: चिमटा बोक्याला दाखवायचा. का, ते कुणालाच माहीत नाही.
मी बनवतेय त्या खेळात यातलं काहीही नसेल. ऑफिसातल्या सरांची एकच अट: बाहेरच्या कुणीतरी पहिली खोली पार करून दाखवायची. नाहीतर खेळ बंद आणि मी बिलांच्या सॉफ्टवेअरवर. सोपं आहे.

९ जून
खोली तयार. घड्याळजीचं दुकान, दाराला कुलूप, किल्ली पोपटाच्या पायाखाली. तेल घालून घड्याळाची अडकलेली पेटी उघडायची, घड्याळ थांबवायचं, मग पोपटाला रात्र झाली असं वाटतं आणि तो झोपतो. शाळकरी मुलालाही सुचेल. ऑफिसातला चित्रकार म्हणाला, पिंजऱ्यावर फडकं टाकलं तर? मी सांगितलं, फडकं फरशी पुसायला आहे. तो म्हणाला, धन्य आहेस बाई.

१४ जून
बाबांना बसवलं. ते म्हणाले, अगं, खिडकी उघडीच आहे की, मार उडी! खेळातलं पात्र म्हणालं, असं करता येणार नाही. बाबांनी पात्राला मूर्ख म्हटलं.
दोष बाबांचा. त्यांना प्रत्यक्ष आयुष्याची सवय आहे. खिडकी काढून टाकली.

१७ जून
मावशी. तिने सगळं तेल दाराच्या बिजागरीला घातलं आणि तासभर पोपटाला गोंजारत बसली. तेल संपलं म्हणजे खेळ संपला, हे सांगितल्यावर म्हणाली, मग आधी बोलायला काय झालं होतं गं तुला? त्या मेल्याला शेंगदाणे भरवून माझं बोट दुखलं!
ही कोंडी नव्हे. याला परिणाम म्हणतात. तरी सवलत म्हणून चित्रकाराला दुसरी तेलाची डबी काढायला सांगितली. चटकन दिसू नये, एवढंच बजावलं. कुठे ते मी विचारलं नाही. तपशील ज्याचे त्याने बघावेत.

१९ जून
मदत म्हणून पोपटाच्या तोंडी वाक्य घातलं: 'वेळ सगळ्यांचीच येते.' बाबांना ती धमकी वाटली. त्यांनी लॅपटॉप मिटला. चित्रकार रजेवर गेला. मी समाधानी.

२२ जून, शुक्रवार
बाहेरचं आणखी कुणी मिळालं नाही म्हणून सर स्वतः खेळले. अर्ध्या तासाने उठून म्हणाले, तुम्हीच दाखवा बघू.
मी बसले. दार करकरत होतं. बिजागरीला तेल घातलं. कुणीही तेच केलं असतं.
मग दुसरी डबी शोधली. पूर्ण पडदा क्लिक करून झाला. सरांनी मध्ये चहा मागवला, प्यायले, कप परत पाठवला. म्हणाले, सोमवारी बाहेर पडून दाखवा, नाहीतर बिलांच्या टीममध्ये खुर्ची रिकामीच आहे.
चित्रकाराच्या फाइली उघडल्या. चित्रांची नावं: 'नवीन', 'नवीन नवीन', 'खरंच शेवटचं'. डबी एकातही दिसत नाही. त्याचा फोन बंद.
खोलीच्या रचनेत दोष नाही. चित्रकाराला पाठवलेला मेल नोंदीसाठी उतरवून ठेवते:
दुसरी तेलाची डबी नक्की कुठे काढली आहेस? कृपया रविवार संध्याकाळपर्यंत कळव.