सहीची परवानगी

उस्कुदार, मंगळवार

आदरणीय मुजगान ताईस,

तुझ्या हातांना आधी ओठ, मग कपाळ लावतो. बुर्सात थंडी कशी आहे? भावजींचा गुडघा अजून कुरकुरतो का? (त्यांना म्हणावं, घरात कुरकुरणारं एकच असावं.) इकडचं रडगाणं नेहमीचंच.

परातीतल्या पाण्यावर बैलाचं पित्त घातलेले रंग सोडून कागदावर नक्षी उतरवायच्या आपल्या कामात, उस्तादाने लेखी परवानगी दिल्याशिवाय शिष्य सही करत नाही, हे तुला ठाऊकच आहे. सव्वीस वर्षं मी बाबांकडे शिकतोय. एक्कावन्नाव्या वर्षीही कुणी विचारलं, काय करता, तर ‘शिकतोय’ म्हणतो. आता काराकोयचं एक कलादालन येत्या शुक्रवारपासून माझ्या नक्षीचे पडदे आणि दिवे मांडणार आहे. अट एकच, पाटीवर कलाकाराचं नाव हवं.

म्हणून रविवारी दालन चालवणाऱ्या बेलगिनबाईंना घरी आणलं, रिवाजाप्रमाणे साक्षीला दोन शेजारी बसवले. बाबांची स्मरणशक्ती हल्ली कशी झालीय ते तू जाणतेस. मला गॅसवाला समजून त्यांनी आधी झापलं. मग माझा नक्षीचा कागद उजेडात धरला.

“लालात पित्त जास्त झालंय. कुणी शिकवलं याला?”

“तुम्हीच, बाबा.”

“मग मेहनत वाया गेली.” (शेजारी हसले, जरा जास्तच.)

बेलगिनबाई एवढंच म्हणाल्या की त्यांना तो लाल आवडला. बाबांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं, दौत मागवली आणि सुरेख अक्षरात परवानगी लिहून दिली, त्यांना. त्या बाईने जन्मात परातीत बोट बुडवलेलं नाही. उस्तादाच्या हातचं परत करणं म्हणजे अपमान, म्हणून त्यांनी कागद कपाळाला लावून पर्समध्ये टाकला. परवानगी त्यांच्याकडे, तेव्हा शुक्रवारी पाटीवर नावही त्यांचंच. ताई, फार लागलं ते मला.

तुझा धाकटा,
नेजदेत

ता. क. बाबा तुझंच ऐकतात. गुरुवारपर्यंत ये आणि माझ्यासाठी दोन ओळी लिहून घे.

दुसरा ता. क. त्यासाठी येऊ नकोस. चष्मा शोधताना बाबांच्या खणात माझ्या नावाची परवानगी सापडली. सही आहे, तारीखही आहे, आई गेली त्याच महिन्याची. परवानगी मिळालेला शिष्य स्वतःची परात मांडायला निघून जातो, ते बाबांच्या मनात आलं असणार. कागद होता तिथेच ठेवलाय. बेलगिनबाईंना कळवलं, पाटी तुमच्याच नावाची राहू दे. आज सकाळी बाबांनी विचारलं, तो शिकणारा आला का? मी म्हटलं, आलोय.