लाल कार्डाचा मालक

रास गारिब, मंगळवार

आदरणीय खैरी मामा यांना रागियाचा सलाम.

तुमचा रक्तदाब आणि मामींचा गुडघा एव्हाना ताळ्यावर आले असतील अशी आशा आहे (दोन्हींचे आकडे कळवावेत, ‘बरं आहे’ हा आकडा नव्हे). मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, वारा नेहमीसारखाच आहे, डोळ्यांत वाळू नेहमीइतकीच जाते. गेल्या पत्रात तुम्ही विचारलंत की माणसं कमी करण्याच्या बातमीनंतर आमच्याकडचं वातावरण कसं आहे. फोनवर सांगितलं नाही, कारण कंपनीच्या वसतिगृहातल्या भिंती अशा आहेत की मी चहात किती चमचे साखर घालते ते शेजारीण मोजून सांगते. म्हणून लिहिते आहे. पत्र कंपनीच्या बसचा ड्रायव्हर कैरोला आणून देईल. त्याला चहा द्या, बातम्या देऊ नका.

वातावरण रीतसर मोजलं गेलं आहे, त्यामुळे नेमकं सांगता येतं: पाचपैकी चार पूर्णांक सहा. तेलाचा भाव पडला, चौथ्या महिन्यात आमच्या तेलक्षेत्रावरच्या अडतीस जणांना घरी पाठवायचं ठरलं, आणि ते जाहीर झाल्यावर आठवड्याभरात कैरोच्या कार्यालयातून गिहान मॅडम आल्या, आमचं मनोबल वाढवायला. सोबत पिवळे फुगे, एक केक, ‘आपण एक कुटुंब’ असा कापडी फलक आणि वीस प्रश्नांची प्रश्नावली. फलक सगळ्यांनी उभं राहून वाचला. गॅस स्टेशनवरचे बखीतकाका (सोहागचे, वय एक्कावन्न, नोकरी सत्तावीस वर्षं, यादीत नाव आहे) म्हणाले, “कुटुंब म्हटलंय ना? मग आता वाटण्या होणार.” प्रश्नावलीवर नाव लिहायचं नव्हतं, कारण ती गुप्त होती. फक्त विभाग, पाळी, वय आणि मूळ गाव लिहायचं होतं. गॅस स्टेशनच्या सकाळच्या पाळीत सोहागचा एक्कावन्न वर्षांचा माणूस एकच आहे. तेव्हा सगळ्यांनी मिळून एक सुरक्षित उत्तर ठरवलं: पाच. तुमचे साहेब तुमचं ऐकतात का? पाच. उद्याचा भरवसा वाटतो का? पाच. फक्त दोन प्रश्नांना, म्हणजे खाणावळीतल्या फूल-मुदम्मसचे दाणे नीट शिजतात का आणि न्हाणीघरात गोडं पाणी येतं का, यांना सगळ्यांनी एक दिला. खोटं बोलण्यालाही एक हद्द असते. वीस प्रश्नांची सरासरी काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी सुरक्षा अभियंता आहे आणि विषारी वायू ओळखणारी यंत्रं दर महिन्याला तपासते. जे यंत्र समोर काहीही धरलं तरी एकच आकडा दाखवतं ते आम्ही काढून दुरुस्तीला पाठवतो. गिहान मॅडमनी तो आकडा चौकटीत लावून वर पाठवला.

(फुग्यांबद्दलही सांगायला हवं, कारण पुढच्या गोष्टीत तो दाखला लागेल. केक कापताना वाऱ्याने अकरा फुगे सुटले आणि जास्तीचा वायू जाळायच्या चिमणीकडे गेले. झालं काही नाही. पण आमच्या नियमांत ही घटना ठरते. अठ्ठेचाळीस तासांत चौकशी झाली, कारणं शोधली गेली, ‘यापुढे फुगे खुर्चीला बांधावेत’ हा उपाय ठरला, आणि क्षेत्रप्रमुख सफवत साहेबांनी स्वतःच्या हाताने ‘संपूर्ण जबाबदारी माझी’ असं लिहून सही केली. त्या कागदाची प्रत माझ्याकडे आहे.)

आता मूळ गोष्ट. आमच्याकडे प्रत्येकाच्या खिशात एक लाल कार्ड असतं. कुठलंही काम जिवाला धोक्याचं वाटलं तर झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत कुणीही ते भरून काम थांबवू शकतो. ज्याच्या हुकमाने काम चाललंय, त्याला आम्ही कामाचा मालक म्हणतो. धोका दूर केला अशी त्याची सही होईपर्यंत ते काम कुणी पुढे नेऊ शकत नाही. भागीदार परदेशी कंपनीचा या कार्डांवर फार जीव आहे. उघडं राहिलेलं प्रत्येक कार्ड त्यांच्या मुख्यालयातल्या पडद्यावर दिसतं. फुगे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी बखीतकाका माझ्या टेबलाशी आले आणि पेन्सिलने भरलेलं एक कार्ड ठेवलं. ‘काम: माणसं कमी करणे. धोका: टाकी साफ करताना एक आत, एक तोंडाशी, एक झडपेपाशी लागतो. यादीनंतर स्टेशनवर दोन उरतात. आतला पडला तर ओढायचा कुणी आणि झडप बंद करायची कुणी?’

मी म्हटलं, “काका, हे तुम्ही तुमच्या नोकरीसाठी लिहिलंय.”

“माझं नाव नसतं तर मला कार्डाची आठवण झाली नसती, हे खरंय,” ते म्हणाले. “पण तू हिशोब तपास की, इंजिनिअरबाई. माणूस स्वार्थी असला म्हणून बेरीज चुकते का?”

बेरीज चुकलेली नव्हती. नियमावलीत तीन माणसं लिहिली आहेत आणि ती वाळवंटात विनाकारण लिहिलेली नाहीत. त्या टाकीतल्या वायूने माणूस दोन श्वासांत आडवा होतो. मी कार्डावर शिक्का मारला, क्रमांक दिला, नोंद केली. त्या क्षणी माणसं कमी करण्याचं काम आमच्याच नियमाने थांबलं. नोकरी संपल्याच्या पत्रांची अडतीस पाकिटं सफवत साहेबांच्या खणात जाऊन पडली. दुपारी खाणावळीत मला कुणीतरी न मागता ताअमियाचा दुसरा वडा वाढला. नोकरीत पहिल्यांदाच.

सफवत साहेबांनी बोलावून घेतलं. रागावले नव्हते, रागवायला निदान आपलं मत असावं लागतं. मी विचारलं, या कामाचे मालक तुम्ही, तर सही कुठे करता? ते म्हणाले, “बेटी, मी कोण? मी टपालपेटी. वरून आलं, खाली टाकलं.” मी कैरोला लिहिलं. कैरोने कळवलं की हा भागीदारांचा आग्रह. भागीदारांनी अत्यंत सभ्य भाषेत कळवलं की त्यांना माणसं गमावण्याचं मनापासून दुःख आहे, पण हा निर्णय बाजाराचा. मी संगणकावर मालकाच्या रकान्यात ‘बाजार’ असं भरलं. यंत्राने कर्मचारी क्रमांक मागितला. मग ‘तेलाचा भाव’ भरून पाहिलं. तेही परत आलं (दोनदा करून पाहिलं, खात्रीसाठी). मामा, तुम्ही चाळीस वर्षं मंत्रालयात काढलीत, तुम्हाला नवल वाटणार नाही. मला वाटलं. अकरा फुग्यांना मालक होता.

बखीतकाका रोज सकाळी येऊन विचारायचे, “सापडला का बाप त्या पोराला?” आणि मी नाही म्हटलं की खूश होऊन जायचे. त्यांची मुलगी सोहागला परिचारिकेच्या शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, अजून दोन वर्षं आहेत. एक्कावन्नाव्या वर्षी झडपा फिरवण्याखेरीज काही न येणाऱ्या माणसाला रास गारिबमध्ये कोण ठेवणार, हे तेही जाणतात. मालक सापडत नाही तोवर नोकरी आहे, एवढा सरळ हिशोब त्यांनी धरला होता. मीही तोच धरला होता. आणि इथे माझी चूक आहे, ती मी लपवत नाही.

तीन वर्षांपूर्वी, रुजू झाल्यावर, मला बेवारस कार्डांचा ढीग मिळाला होता. गळका नळ, तुटकी पायरी, स्वयंपाकघरात मांजर. कुणीच मालक होईना आणि पडदा लाल दिसे. तेव्हा मी एक नियम लिहिला, आणि तो इतका नीटनेटका होता की कंपनीच्या तिन्ही तेलक्षेत्रांनी उचलला: चौदा दिवसांत मालक न मिळाल्यास कार्ड सुरक्षा अभियंत्याच्या नावे ‘धोका दूर झाला’ असं लिहून आपोआप बंद व्हावं. मांजरासाठी चांगला नियम होता. परवा, गुरुवारी दुपारी बारा वाजता, बखीतकाकांच्या कार्डाचे चौदा दिवस भरतात. नियम बदलायला सफवत साहेबांची सही लागते. मी अर्ज घेऊन गेले तर ते प्रथमच मनापासून हसले. “इतका चांगला नियम आहे तुझा. त्याला हात लावू नये.”

हे बखीतकाकांना माझ्या तोंडून कळावं म्हणून मी स्टेशनवर गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “म्हणजे मला तू काढणार.”

“यंत्र काढणार, काका.”

“पोरीला मी काय यंत्राचं नाव सांगू? कागदावर तुझंच आहे.” मग त्यांनी मला चहा ओतला आणि दुसऱ्या दोघांना म्हणाले, “घ्या रे, साहेबीण आलीय. शेवटी एक तरी साहेब इथवर आला.” त्यांना ते टोमणा म्हणून म्हणायचं होतं की नाही, हे मला ठरवता आलेलं नाही.

असं आहे वातावरण. चार पूर्णांक सहा.

मामींना सलाम, लहान्यांना पापे. औषध वेळेवर घ्या.

तुमची भाची,
रागिया

ता. क. मामींनी सांगितलेली खारवलेली मासळी ड्रायव्हरजवळ दिली आहे. पिशवी आल्या आल्या बाल्कनीत ठेवा. बसमधल्यांची मी आधीच माफी मागितली आहे.

ता. क. २. एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली नाही, ठेवली होती. शनिवारी सफवत साहेबांनी मला धीर द्यायला यादीचा पहिला मसुदा दाखवला. क्रमांक एकतीसवर माझं नाव छापलेलं आहे. ते निळ्या शाईने खोडून वर हाताने बखीतकाकांचं लिहिलं आहे. “तुझ्या मामांचा आवाज फोनवर काय मऊ आहे, कैरोवाले सांगत होते,” साहेब म्हणाले. “तुझं भाग्य.” आमच्या चौकशीत ‘का?’ हा प्रश्न ओळीने पाच वेळा विचारतात. मी बसून विचारला. स्टेशनवर दोनच का उरतात? बखीतकाका जातात म्हणून. ते का जातात? अडतीसात एक कमी पडला म्हणून. का कमी पडला? एकतिसावं नाव खोडलं म्हणून. का खोडलं? कैरोच्या कार्यालयात एक फोन आला म्हणून. तो फोन का केला गेला, याचं उत्तर मला माहीत आहे, मामा, आणि त्यासाठी मी तुमच्यावर रागावलेले नाही. पण ते उत्तर मी भरलं नाही, कारण आमच्या कारणांच्या तक्त्यात त्याला संकेतांक नाही. मालकाच्या रकान्यात तुमचं नाव बसत नाही, तुम्हाला कर्मचारी क्रमांक नाही. माझं बसतं.

ता. क. ३. म्हणून विनंती. ड्रायव्हर उद्या सकाळी पोचेल. ज्यांना फोन केला होतात त्यांनाच पुन्हा करा, गुरुवारी दुपारी बाराच्या आत, आणि एकतिसावं नाव होतं तसं करायला सांगा. मी स्वतः अर्ज केला होता. यादीत नाव घालून घेण्यासाठीचा नमुना उपलब्ध नाही, असं लिहून तो परत आला. सुरक्षेचं काम सुएझहून एक जण आठवड्यातून दोनदा येऊन बघेल. मी तपासलं आहे, पुरतं. पाकिटं निघायची ती निघतीलच, सदतीस माणसांसाठी मला काही करता आलेलं नाही; पण स्टेशनवर तीन राहतील, आणि माझ्या नावाने ‘धोका दूर झाला’ असं जे लिहिलं जाईल ते निदान खरं असेल.

आईला मी सांगेन. बखीतकाकांपर्यंत जाऊ देऊ नका. त्यांना कळलं तर ते यावरही कार्ड भरतील.