चौकातली जीप

नाब्लुस

प्रिय अरीज,

हे पत्र मी धाडणार नाही. पलीकडून, इस्रायली अधिकाऱ्याचा, फोन आला: त्यांचं सैन्य तासाभरात तुझ्या गल्लीत येतंय, आम्ही पोलिसांनी ठाण्यात जाऊन बसायचं. शांतता करारात आम्ही दिलेली सहकार्याची हमी पाळणं म्हणजे हल्ली एवढंच. घर कुठलं ते सांगितलं नाही. तुझा मुलगा नसीम गच्चीवर कबुतरांना दाणे टाकत असेल. तुला कळवलं तर मी फितूर ठरेन, नाही कळवलं तरीही.

"साहेब, तुमची जीप चौकात दिसली की मी निवांत पीठ मळते," तू चिडवायचीस. "ती हलली की समजायचं, चहा न घेणारे पाहुणे येताहेत!"

म्हणून निघताना तुझ्या खिडकीखालून जीप अगदी हळू नेली. इतकी हळू, की इंजिन बंद पडलं.

अरीज, जीप हललेली तुला दिसायला हवी होती; भर दुपारी तू पडदा का ओढला होतास?

तुझा भाऊ,
मुन्तसिर