दोघांची होडी

॥ श्री शंकर प्रसन्न ॥
युसूफ वडगाव, ता. २२ फेब्रुवारी १९९६

चि. मृत्युंजय यास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

प्रथम एक गंभीर तक्रार. तुझ्या कारखान्याने होडीबरोबर दिलेल्या दोन वल्ह्यांपैकी एकाने तुझी वहिनी चिंचा झोडपते आहे. माशांना लागलेली वस्तू उंबऱ्याच्या आत येणार नाही, हा तिचा निकाल मी लिंगायताच्या घरातला माणूस म्हणून शिरसावंद्य मानला. पण अंगणातल्या चिंचेला त्याच वल्ह्याचा विटाळ का होत नाही, याला शास्त्राधार सापडत नाही. विचारले तर उमाबाईंचे उत्तर असे, की चिंच काय कुणाला सांगाया जाती का. वाद तिथेच खुंटला.

आता कामाचे. आम्हांला दुसरी होडी हवी आहे. घरच्यांनी आणि मित्रमंडळींनी मिळून वापरायची. ही वार्ता फुटल्यापासून जो तो मागण्या नोंदवतो आहे. चन्नप्पाकाका म्हणतात, वर टप पाहिजे, म्हणजे पलीकडच्या गावांचा बाजार करता येईल. किराणा दुकानदाराला पाण्यातही गिऱ्हाईकच दिसते. धुळाजीला तीतून विहिरीवरचा पंप न्यायचा आहे. मी म्हटले, मग बैलही चढवू.

माझा प्रश्न एवढाच, की एका माणसाची मिळते तशी दोघांची मिळते का? माझे मत दोघांचीच घ्यावी.

पहिली होडी माझी आणि रामकिसनची भागीत, हे तू जाणतोसच. त्याचे शेत धरणाच्या काठाला. त्याने मासे धरायचे, मी काठावर बसून पोथी वाचायची आणि त्याच्या घरच्या केसरबाईंनी कालवण करून मला वगळून सगळ्या गल्लीला वाढायचे, अशी आमची वाटणी होती. पूजेच्या दिवशी ट्रॅक्टरच्या सवयीने आपण तिच्या टोकावर नारळ फोडायला गेलो, नारळ शाबूत राहिला आणि होडीच तडकली. तेव्हा केसरबाई हसून हसून वाळूत बसल्या होत्या. ती चीर आता पुन्हा उकलली आहे. मार्गशीर्षात केसरबाई गेल्या, तेव्हापासून रामकिसन पहाटेच होडी काढतो आणि उन्हं चढल्यावर रिकाम्या हाताने येतो. विचारलं तर म्हणतो, धरून काय करू, शिजवणारी कुठं हाय.

उत्तर लवकर धाड. लोभ आहेच, तो धरणाच्या पाण्यासारखा उन्हाळ्यात आटू देऊ नये.

तुझा,
विश्वेश्वर


पुणे, ता. ५ मार्च १९९६

ती. स्व. दादांच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र पावले. वहिनींचा निकाल आमच्या साहेबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, वल्ह्याचा हा उपयोग परदेशी कॅटलॉगमध्येही नाही.

इकडे सगळं बदललं आहे. बाहेरच्या कंपन्या आल्यापासून पैसेवाल्यांना सुट्टीत पाण्यावर बसायची हौस सुटली आहे. आमच्याकडे पाण्याच्या टाक्या मागे पडल्या आणि होड्याच होड्या चालल्या आहेत. दोघांची मिळते. एका हॉटेलने घेतो म्हणून सोडलेली एक हिरवी शिल्लक आहे. पण माझं ऐकाल तर एकट्याचीच घ्या. दोघांची उचलायलाच दोन माणसं लागतात. शिवाय मागच्याने वल्हवायचं आणि पुढच्याने वारा खायचा, असा तिचा कायदा आहे. पुढे कोण बसणार हे मी विचारत नाही. एकट्याची हलकी, सरळ जाते, आणि पाळीपाळीने सगळ्यांना वापरता येते.

मासे रामकिसनदादा धरतात, तेव्हा निवड त्यांच्यावरच सोडावी. जन्मात अंडं न शिवलेल्या माणसाला मासेमारीच्या होडीची एवढी घाई का, हे मला उमगलं नाही. चिरेसाठी केजकडे येणाऱ्या ट्रकबरोबर लुकणाचा डबा पाठवला आहे. जागा कोरडी करून लावावं, रात्रभर वाळू द्यावं. आणि नव्या होडीचा नारळ कृपया दगडावर फोडावा.

वहिनींना नमस्कार. आशीर्वादाचा हात डोक्यावरून काढू नये, ही विनंती.

आपला,
मृत्युंजय


॥ श्री शंकर प्रसन्न ॥
युसूफ वडगाव, ता. २० मार्च १९९६

चि. मृत्युंजय यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे निवड रामकिसनवर सोडली. तो म्हणाला, दुसरी कशापायी मास्तर, हाय ती बी लई झाली. दोघांची आणली तर तिच्यात तुमी अन् काकाच बसा, मी न्हाई बसणार. पाण्यावर मी बोलाया जात न्हाई.

म्हणून मी एक शहाणपणा केला. तो होडी घेऊन गेला की गुऱ्हाळावरची गुळाची काहील पाण्यात लोटली आणि तीत बसून त्याच्या मागे निघालो. उमाबाईंनी माझ्या गळ्यातल्या इष्टलिंगाची दोरी घट्ट आहे ना म्हणून दोनदा ओढून पाहिली आणि या वयात काय थेरं चाललीत म्हणून देवाचं नाव घेतलं. काहील सरळ जात नाही, ती जागच्या जागी प्रदक्षिणा घालते. काठावर धुणं धुणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी रामकिसनच आला, काहिलीच्या कडीला दोर बांधून त्याने मला ओढत काठाला लावले. वाटेत ऐकवलं, की मास्तर, घरी बसून पोरास्नी रामः रामौ शिकवा. त्या दिवसभरात तेवढंच बोलला. मला उतरवलं आणि पुन्हा आत गेला.

पण त्या ओढाओढीत मला होडीत डोकावता आले. गळ नव्हता. दोरी, गांडुळांचा डबा, काही नव्हते. घोट्याएवढे पाणी साठले होते आणि तो त्यात पाय सोडून बसला होता. उपसायला तांब्यासुद्धा घेतलेला नव्हता. तू धाडलेला लुकणाचा डबा पोचताच मी त्याच्या ओसरीवर ठेवला होता. काल पाहिला, सील तसेच आहे. मी लावून देतो म्हटलं, तर म्हणाला, ऱ्हाऊ दे, किती दिसाची बाब हाय.

होडी कुलपात घालावी हेही मनात आले. पण पाणी कुठे कुलपात घालता येते? त्याच्या मुलीला आंबाजोगाईला निरोप धाडला आहे. ती लेकुरवाळी, अक्षय तृतीयेआधी यायची नाही.

तेव्हा ती हिरवी, दोघांचीच, मिळेल त्या ट्रकने धाड. तो बसणार नाही म्हणतो, ठाऊक आहे. मी पहाटे त्याच्याआधी जाऊन पुढच्या जागेवर बसून राहीन. मला उचलून काठावर ठेवायला त्याला रोज कष्ट पडतील, तेवढा तरी वेळ जाईल.

तू विचारलेस, घाई का. मृत्युंजय, तो मासे धरायला जात नाही. तो परत न येण्यासाठी जातो, आणि अजून त्याला ते जमलेले नाही, असे मला वाटते. हे मी घरात कुणाला सांगितलेले नाही. मला फार भीती वाटते.

तुझा,
विश्वेश्वर