मीठ वाटायचं राहिलं

प्रिय लरेनाताई,

तीन आठवडे हे पत्र उद्यावर ढकलतोय. तुझं घर हायवेच्या पलीकडेच, पण तू दार लावून घेतलंस, फोनही उचलत नाहीस, म्हणून कागद.

इथे होपींच्या मोएंकोपीत बरं चाललंय. लॉरेनच्या टायरच्या दुकानात काम करतो, मागच्या खोलीत झोपतो. काल फिनिक्सहून एकजण आला. आपल्या नवाहो भागात शिरताच त्याच्या फोनवरची वेळ तासभर पुढे गेली, रस्ता ओलांडून इथे होपींकडे येताच पुन्हा मागे. म्हणाला, खरी कुठली? लॉरेन म्हणाला, "आमची. या पोराचे लोक मार्चमध्ये घड्याळ पुढे सारून एक तास हरवतात आणि नोव्हेंबरपर्यंत शोधत बसतात." लॉरेनच्या कुत्रीला चार पिल्लं झालीत, त्यातलं एक पांढरं... ते राहू दे.

तुझी तान्ही नॅनिबा पहिल्यांदा हसली ती माझ्या शिंकेला. म्हणजे आपल्या रीतीने जेवण मी द्यायचं, पोर उदार व्हावी म्हणून तिच्या मुठीतून सगळ्यांना खडेमीठही मीच वाटायचं. आईने मेंढी कापली, तू अकराची वेळ दिलीस. मी उगवलो बाराला आणि म्हटलं, होपी घड्याळ बघून निघालो, तिकडे आत्ता अकराच वाजलेत. मामांना कामावर जायचं होतं, ते सगळे जेवून, मीठ न घेताच गेले. तू म्हणालीस, "माझी पोर कंजूष निघाली तर तुझ्या घड्याळाला जाब विचारू का?"

ताई, घड्याळ चुकलं नव्हतं. तुझ्या घड्याळाने पावणेअकरापासून मी चौकात ट्रकमध्ये बसून होतो. मामांची गाडी गेलेली पाहिली, मगच आलो. जो बाळाला पहिल्यांदा हसवतो त्याचा स्वभाव बाळाला लागतो ना? माझी शाळा अर्धवट, चार वर्षांत सहा गावं, कुठे टिकलो नाही. हे तिच्या मुठीत कसं ठेवायचं? वाटलं, मी नसलो तर दुसरं कुणी वाटेल. तू मात्र मिठाला कुणाला हात लावू दिला नाहीस. म्हणून लिहितोय. चालत असेल तर रविवारी वाटू, तुझ्या घड्याळाने अकराला. मेंढी या वेळी माझी.

थांब, आई आलीय. फळीच्या पाळण्यात बांधलेली नॅनिबा, हातात मिठाची पिशवी. म्हणतेय, "लॉरेनपासून सुरुवात कर. इथे अजून नऊच वाजलेत." आणि तू बाहेर ट्रकमध्ये बसून आहेस म्हणे, उतरत नाहीस. पत्र खिडकीतून देतो. वाचून झालं की उतर.

तुझाच,
डेल्विन