ऑपरेशन थिएटरच्या दाराशी केलेली प्रार्थना

प्रिय आई,
प्रभूच्या शांतीत तुला आणि बाबांना प्रेमाचा सलाम.

आधी चांगली बातमी. तुझ्या जावयाचं हृदयाचं ऑपरेशन नीट पार पडलं. आज उठून बसले आणि चहात साखर नाही म्हणून नर्सवर रुसले, म्हणजे बरे होतायत.

त्यांना आत नेलं तेव्हा मला प्रार्थनाच सुचेना. डोळे मिटले, तर तू लहानपणी पाठ करून घेतलेली जेवणाआधीची प्रार्थना तोंडून निघाली: ‘प्रभो, या अन्नाबद्दल तुझे आभार.’

शेजारी बसलेली नणंद ‘आमेन’ म्हणाली आणि हळूच विचारते, “वहिनी, जेवण कुठाय गं?” रडता रडता आम्ही दोघी हसत सुटलो. मागायला बसले होते आणि आभार मानून मोकळी झाले. पण प्रभू जवळ आहे असं वाटलं.

डॉक्टर म्हणतात, अजून काही दिवस जपावं लागेल. बाबांचा गुडघा कसा आहे? तू उगीच जागू नकोस. तुझ्या वाट्याचं घाबरून मी घेतलंय. आभार मात्र एकटी किती मानू? त्या कामाला तुझाही हात लागू दे.

प्रभूच्या आणि तुझ्या मायेत असलेली,
तुझी थोरली